अबोलीला वास नसतो

सहा वर्षं मी पेटीत झोपत होते.

गोव्यातल्या हॉटेलांत, लग्नांत, शाळांच्या स्नेहसंमेलनांत जादूचे प्रयोग करणारे एक जादूगार होते. त्यांच्या संचात मी साहाय्यक होते. आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. माझं काम ठरलेलं होतं. चमचमता पोशाख घालून हसत विंगेतून यायचं, पेटीत शिरायचं, करवत फिरेपर्यंत आत पडून राहायचं आणि शेवटी सुखरूप उभं राहून दोन्ही हात वर करायचे. बघणाऱ्याला वाटतं, पेटीतल्या मुलीवर जादू होते. प्रत्यक्षात बाहेरचा माणूस बोलत असतो आणि काम आतली मुलगी करत असते. अंधारात, कोपरही नीट हलणार नाही एवढ्या जागेत, मनातल्या मनात आकडे मोजत. लोक आत्ता कुठे बघताहेत हे मला काकांच्या आवाजावरून कळायचं. प्रयोग करतानाचा त्यांचा चेहरा मी फारसा पाहिलाच नाही, मी त्यांना ऐकलं. वाक्याच्या शेवटी ते किती थांबतात, त्या थांबण्यात मला किती वेळ मिळतो, हे अंगात इतकं भिनलं की आजही भाषण करताना कुणी मध्येच थांबलं की माझे खांदे आपोआप आक्रसतात.

ही पेटी जुनी आहे. लंडनमध्ये १७ जानेवारी १९२१ रोजी पी. टी. सेल्बिट यांनी बाईला करवतीने कापण्याचा प्रयोग रंगमंचावर केला आणि तेव्हापासून ती पेटी जगभर फिरते आहे. आपले जादूगार पी. सी. सरकार यांनी ९ एप्रिल १९५६ला बीबीसीच्या दूरचित्रवाणीवर तो प्रयोग केला तेव्हा बाई उठून उभी राहायच्या आतच प्रक्षेपण संपलं आणि ती मेली असं समजून घाबरलेल्या लोकांनी बीबीसीला फोनवर फोन केले. जादूच्या धंद्यातला प्रत्येक जण ही गोष्ट सांगतो, सरकारांचं नाव घेऊन. आत झोपलेल्या बाईचं नाव कुणी विचारत नाही. ती होती दीप्ती डे.

काकांना एकदा मी म्हटलं, मला एक छोटा प्रयोग स्वतंत्रपणे करायचा आहे. ते म्हणाले, "बाई जादू करते हे बघायला लोक येतील गो, पण तिचं ऐकायला कोण बसेल?" ते वाईट बोलले असं त्यांना वाटलंही नसेल. मी पुढचे चार महिने त्यांच्याकडे काम केलं आणि सोडलं.

स्वतःचा प्रयोग उभा करायला घेतला तेव्हा जवळ होतं ते सगळं उसनं होतं. फोंड्याच्या शिंप्याकडून काळा कोट शिवून घेतला. व्हिडिओ बघून चेंडूंचं मॅनिप्युलेशन, म्हणजे बोटांवरची हातचलाखी, बसवलं, रेशमी रुमाल बसवले, कड्या बसवल्या. बोलायला मात्र काही बसवावं लागलं नाही, काकांची सगळी वाक्यं पाठच होती. पहिला प्रयोग फोंड्याजवळच्या एका गणेशोत्सव मंडळाच्या मांडवात झाला. हात नीट चालले. चेंडू पडला नाही, कुठे फ्लॅश झालं नाही, म्हणजे लपवलेलं काही कुणाला दिसलं नाही, टाळ्या पडल्या. खाली उतरल्यावर सात-आठ वर्षांची एक मुलगी जवळ आली आणि म्हणाली, "ताई, तू त्या जादूवाल्या काकांसारखी का बोलतेस?" त्यांचा प्रयोग तिच्या शाळेत झाला होता. तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

रात्री घरी येऊन फोनवरचं चित्रण लावलं आणि डोळे मिटून नुसतं ऐकलं. मी काकांच्याच जागी थांबत होते. ज्या थांबण्यांच्या आड कधीकाळी पेटीत मी काम करायची, ते सगळे थांबे माझ्या प्रयोगात जसेच्या तसे होते, आणि आता त्यांच्या आड करण्यासारखं काहीच नव्हतं. रिकामे थांबे. मुलीने तेच ऐकलं होतं.

त्यानंतरच्या दीड वर्षाबद्दल मला लिहायचं आहे. आपली शैली शोधायची म्हणजे नेमकं काय करायचं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. प्रत्येक जण म्हणायचा, "स्वतःचं काहीतरी कर." पण स्वतःचं म्हणजे कुठलं?

सुरुवात कोटापासून झाली, तीही अगदी शारीरिक कारणाने. हातचलाखीची पुस्तकं वाचा. उजव्या हाताने डाव्या आतल्या खिशातून घ्या, कोटाच्या मागच्या शेपटीतल्या खिशात टाका, जाकिटाच्या कडेखाली सरकवा. सगळी लिखापढी पुरुषाच्या शरीराची, पुरुषाच्या कपड्यांची. माझा कोट मापाने शिवलेला होता तरी छातीपाशी हात आडवा नेला की कापड ओढलं जायचं आणि तिथे काहीतरी आहे हे शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कळायचं. शिंप्याने तीनदा उसवून दिला. मग मी शोधायला लागले की हा कोट जादूत आला कुठून. तो बराचसा फ्रेंच जादूगार रोबेर-हूदँ यांच्यामुळे आला. १८४५ साली पॅरिसमध्ये त्यांनी आपलं थिएटर उघडलं तेव्हा जादूगार म्हणजे पायघोळ झगा, टोकदार टोपी आणि मंचभर चकाकणारी भांडी असा प्रकार होता. हूदँनी ते सगळं काढून टाकलं आणि समोरचे प्रेक्षक संध्याकाळी जे कपडे घालून यायचे तेच घालून ते उभे राहिले. त्यांचा खरा शोध हा होता. तुमच्यातलाच एक माणूस उभा आहे आणि तरीही हे घडतंय. लोकांनी नक्कल मात्र कोटाची केली, दीडशेहून अधिक वर्षं.

हे वाचलं तेव्हा मी आमच्या ओट्यावर बसले होते. समोरून बायका म्हाळसेच्या देवळाकडे चालल्या होत्या. त्या काय नेसल्या होत्या ते मी बघितलं.

सुती सहावारी आणि कोपरापर्यंत हाताचा ब्लाउज, एवढ्यावर मी आले. खिसे गेले. कोटावर अवलंबून असलेले सगळे प्रयोग त्याबरोबर गेले. बावीस होते, त्यातले पाच उरले. पहिले काही दिवस मी गेलेले खिसे परत मिळवायच्या खटपटीत होते, निऱ्यांत हे शिव, पदराला ते लाव. मग लक्षात आलं की मी साडीचा कोट करते आहे. ते सोडलं. उलट जे आयतं मिळालं होतं ते आधी दिसलंच नव्हतं. आपल्याकडे कुठलीही वस्तू गायब झाली की पहिला आवाज येतो, "बाहीत घातलं!" माझे हात कोपरापासून उघडे. ती शंका प्रयोग सुरू व्हायच्या आधीच मेलेली असते. कोटवाल्या जादूगाराला ती मारायला दर वेळी बाह्या सारून दाखवाव्या लागतात.

दरम्यान मी एक चूकही केली, आणि ती सांगायला हवी, कारण आपल्या मातीतलं काहीतरी घ्यायचं असं ठरवणारे बरेच जण तिथेच अडकतात. आई सावंतवाडीकडची, म्हणून घरात मराठीच. तिथल्या राजवाड्यात अजूनही गंजिफा हाताने रंगवल्या जातात. गोल पानं, लाखेची झिलई. दशावतारी गंजिफेत मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग, प्रत्येकाची बारा पानं, मिळून १२०. मला वाटलं, पत्त्यांचे प्रयोग याच्यावर केले की झालं, जगात दुसरं कुणी करत नसेल. मोठ्या मिनतवारीने एक जोड मिळवला. पानं जाड आणि गोल, त्यामुळे निम्मी तंत्रं लागूच पडत नव्हती, ती मी चार महिने घालून नव्याने बसवली. आणि प्रयोगात प्रेक्षकाने पान ओढलं, मी ते शोधून काढलं, वर धरून म्हटलं, "वामनाचा प्रधान!" लोक गप्प. आपण कुठलं पान ओढलं होतं हेच त्या गृहस्थांच्या लक्षात राहिलं नव्हतं. पान त्यांनी त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं होतं. बदामाची राणी चुकायची नाही. वामनाचा प्रधान आणि परशुरामाचा प्रधान यांत त्यांना काय फरक वाटणार? आश्चर्य वाटायला आधी नेहमीचं काय आहे ते अंगवळणी पडलेलं असावं लागतं. मी त्यांना एकाच वेळी नवी वस्तू आणि त्या वस्तूचं मोडणं दाखवत होते. जोड कापडात गुंडाळून ठेवला. फार सुंदर आहे तो, मी अधूनमधून नुसता बघायला काढते.

आईचं फुलांचं दुकान म्हार्दोळला, देवळाच्या वाटेवर. दुकान म्हणजे फळकुटाचं एक मेज आणि वर ताडपत्री. पावसाळ्यात जायो, म्हणजे जाईची सुवासिक फुलं, एरवी अबोली, शेवंती, झेंडू. अबोलीच्या फाती, म्हणजे केसांत माळायचे गजरे, ती केळीच्या सोपटाच्या दोऱ्याने गुंफते. सोपट पाण्यात भिजवून ठेवायचं, मग त्याचे बारीक धागे सोलायचे. दोन फुलं इकडे, दोन तिकडे, देठ जुळवायचे, धाग्याचा वेढा, गाठ. मीही लहानपणापासून गुंफते. एका सकाळी तिच्या बाजूला बसून गुंफता गुंफता माझी नजर माझ्याच बोटांवर गेली. करंगळी आणि अनामिका दोरा धरून होत्या, अंगठा देठ दाबत होता, आणि फुलं तळव्यात कुणाला न दिसता बसली होती. चेंडू पाम करायला, म्हणजे तळव्यात लपवायला, मी आरशासमोर आठ महिने घालवले होते. ही पकड सहाव्या वर्षापासून माझ्या हातात होती.

दोरी कापून पुन्हा अखंड करणं हा जादूतला फार जुना प्रकार. मी ठरवलं, दोरीच्या जागी फाती घ्यायची. मांडणी अशी झाली. प्रेक्षकांतल्या एका बाईंना बोलवायचं. त्यांच्याच हाताने फाती तीन ठिकाणी तोडायची. तुकडे केळीच्या पानाच्या पुडीत बांधून पुडी त्यांच्याच हातात द्यायची. त्यांनी सोडली की आत अख्खी फाती. ऐकायला सरळ आहे. उभं राहायला अकरा महिने लागले.

पहिलं म्हणजे वस्तूच ऐकत नाही. कापसाची दोरी आज जशी वागते तशी उद्या वागते. सोपट जुलैत मऊ आणि मार्चमध्ये कडक. वाळलं की बोटात तुटतं, फार ओलं असलं की गाठ सरकते. कुठल्या महिन्यात किती वेळ भिजवायचं याची एक वही आहे माझ्याकडे. फुलंही तशीच. अबोली दिवसभर तजेलदार राहते हे खरं, पण दिव्यांच्या उष्णतेत वीस मिनिटांत मलूल होते आणि मग जुनं फूल, नवं फूल कुणालाही ओळखता येतं. या सगळ्याचा शैलीशी काय संबंध, असं वाटेल. पण ज्या वस्तूची इतकी देखभाल करावी लागते, ती मंचावर हातात घेताना हात आपोआप वेगळा होतो. रेशमी रुमाल मी कधी तसा धरला नव्हता.

दुसरं म्हणजे आरसा. जादू शिकणारा प्रत्येक जण आरशासमोर बसतो, आणि आरसा एक वाईट खोड लावतो. नेमकी चोरटी हालचाल करताना आपण डोळे मिटतो. आपल्यालाच ते बघायचं नसतं. आरशात ते कधीच दिसत नाही, कारण त्या क्षणी डोळे मिटलेले असतात. फोन तीन जागी ठेवून चित्रण केलं, समोर, डावीकडे, खालून, तेव्हा दिसलं की पुडी बांधताना दर वेळी माझी पापणी लवते. प्रेक्षकाला कारण कळत नाही, पण आत्ता काहीतरी झालं हे कळतं. ती खोड मोडायला दोन महिने गेले. आरसा त्यानंतर मी भिंतीकडे तोंड करून ठेवला.

पापणी गेली तरी काहीतरी खुपत होतं. डाय व्हर्नन (१८९४–१९९२) या थोर जादूगाराचा सगळा भर नैसर्गिकतेवर होता. हातात काही असताना हात तसाच दिसला पाहिजे जसा तो रिकामा असताना दिसतो. मी हे कितीदा वाचलं होतं. शेवटी आईला समोर बसवलं. तिला जादूत रस नाही. तिने एकदा बघितलं आणि म्हणाली, "पुडीकडे बघत पुडी कोण बांधतं?"

मी दुसऱ्या दिवशी तिच्या दुकानावर सकाळचे तीन तास नुसती बसले. ती पुडी बांधताना पुडीकडे बघतच नाही. पान ओढते, फुलं ठेवते, दुमडते, दोरा फिरवते, आणि या सगळ्या वेळात तिची नजर गिऱ्हाइकाच्या तोंडावर. नेमकी दोरा आवळताना ती विचारते, "सुट्टे आहेत?" आणि गिऱ्हाईक खाली वाकून पाकिटात बघायला लागतं. दर वेळी. तीस वर्षं ती हे करते आहे आणि तिला लोकांची नजर वळवायची नाहीये, तिला खरोखरच सुट्टे हवे असतात. मिसडायरेक्शनवर, म्हणजे नजर दुसरीकडे वळवण्यावर, मी जेवढं वाचलं होतं, त्यातलं काहीही याच्या जवळ जात नाही. माझ्या प्रयोगात आता मी त्या बाईंना विचारते, "सुट्टे आहेत?" मंचावर उभ्या असूनही त्यांचा हात पर्सकडे जातो. सभागृहात हशा पिकतो. एवढं सांगायला हरकत नाही. बाकीचं माझ्याजवळ ठेवते.

त्या एका वाक्याने बोलण्याचा प्रश्नही सुटला. काकांची वाक्यं टाकून दिल्यावर माझ्याकडे बोलायला काहीच नव्हतं. वहीत लिहून काढलेलं सगळं आयोजकांच्या सूत्रसंचालनासारखं वाटायचं. "रसिकहो, आता मी तुम्हाला दाखवणार आहे..." मंचावरची मी कोण, हे ठरलेलं नव्हतं, म्हणून ती कशी बोलते हे ठरत नव्हतं. वेल्समध्ये जन्मलेला कार्डिनी नावाचा जादूगार होता. पहिल्या महायुद्धात खंदकातल्या थंडीत हातमोजे न काढता पत्त्यांचा सराव करायचा, असं त्याच्याबद्दल सांगतात. मंचावर तो एक थोडीशी चढवलेला सभ्य गृहस्थ असायचा. पत्ते आपोआप त्याच्या हातात येत राहायचे आणि तोच चक्रावून जायचा. त्याने कुणालाही हरवलं नाही. जादू त्याच्यावर व्हायची. माझ्या मंचावरची बाई फुलं विकणारी आहे, एवढं ठरलं आणि तिला काय बोलायचं ते ठाऊक होतं. ती जादूचा उल्लेखच करत नाही. ती फुलांबद्दल बोलते, सोपटाबद्दल, या वर्षी जायो उशिरा आल्या त्याबद्दल. "बघा हं आता" हे ती म्हणत नाही. नऊ मिनिटांचा प्रयोग साडेपाच मिनिटांवर आला, आणि गेलं ते सगळं जादूगाराचं बोलणं होतं.

मग वासाचं सुचलं. कसं सुचलं ते मला नीट आठवतं. एका तालमीला शेजारच्या वहिनींना बसवलं होतं. पुडी सुटली, अख्खी फाती बघून त्यांनी हात तोंडावर नेला, आणि मग सवयीने फाती नाकाशी धरून लगेच खाली केली. अबोलीला वास नसतो. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही हे माहीत आहे. तरीही बाई फूल हातात आलं की एकदा नाकाशी नेतेच. तो अर्धा क्षण मला दिसला आणि मी त्यांना म्हटलं, "वहिनी, पुन्हा एकदा करा बघू तसं."

आता प्रयोगाचा शेवट असा होतो. अख्खी फाती बघून टाळ्या पडतात. मी काही बोलत नाही. बाई फाती नाकाशी नेतात. वास येतो, जायांचा.

हे कसं होतं ते मी लिहिणार नाही. पण हे करताना मला ज्यांचा आधार वाटतो ते पणजीत उभे आहेत, जुन्या सचिवालयाच्या बाजूला. रामचंद्र पांडुरंग कामतांनी घडवलेला आबे फारियांचा पुतळा. हात पसरलेले आणि समोर झोपेत कोसळणारी बाई. कांदोळीत १७५६ साली जन्मलेला हा माणूस १८१३ साली पॅरिसमध्ये संमोहनाचे जाहीर प्रयोग करत होता. त्या काळी सगळे म्हणायचे की संमोहन करणाऱ्याच्या शरीरातून कसलीतरी चुंबकीय शक्ती वाहते. फारियांनी सांगितलं, माझ्या हातात काहीही नाही, जे घडतं ते समोरच्याच्या मनात घडतं. लहानपणापासून त्या पुतळ्यावरून मी शंभरदा गेले असेन. फारियांची दुसरी गोष्ट गोव्यात सगळ्यांना पाठ असते. पोर्तुगालच्या राणीसमोर प्रवचन देताना तरुण फारियांची वाचा बसली, तेव्हा खालून वडील कोकणीत पुटपुटले, "ही सगळी भाजी, कातर रे भाजी." मंचावर जाणाऱ्या गोमंतकीयाला घरचे हे वाक्य हमखास ऐकवतात. मला ते कधी मानवलं नाही. समोरच्यांना भाजी समजून मला प्रयोग करता येत नाही, कारण निम्मं काम त्यांनाच करायचं असतं.

हे अक्षरशः खरं आहे. एडविन स्लॉसन या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांनी १८९९ साली अमेरिकेत व्याख्यानाच्या वेळी एका बाटलीतलं पाणी कापसावर ओतलं आणि याला उग्र वास आहे, तो पोचला की हात वर करा, असं सांगितलं. मिनिटभरात जवळजवळ पाऊण वर्गाचे हात वर होते. बाटलीत शुद्ध पाणी होतं. माझ्या प्रयोगात दुसऱ्या-तिसऱ्या रांगेतून आवाज येतात, "हो गो, इथंपर्यंत येतो." तिथपर्यंत तो येणं शक्य नाही. मी तेव्हा गप्प असते. इथे मी थांबते, आणि हा थांबा काकांचा नाही. या थांब्यात मी काहीच करत नाही, करतात ते लोक.

याच शेवटामुळे माझी हॉटेलांतली कामं कमी झाली. परराज्यांतल्या आणि परदेशी पाहुण्यांसमोर मी हा प्रयोग केला तेव्हा त्यांनी फाती हुंगली आणि "किती छान वास!" म्हणून परत दिली. फुलाला वास असायचाच, त्यात काय? मग आधी फूल हुंगायला द्यायला लागले, याला वास नाही असं सांगायला लागले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण त्या कोडं सुटल्यासारख्या. म्हार्दोळच्या, डिचोलीच्या, पेडण्याच्या बाईला आयुष्यभर माहीत असलेली गोष्ट बोटांत धरलेली असते, आणि ती हलते. तेव्हा जी शांतता पसरते ती सांगून येत नाही. गंजिफांचीच गोष्ट पुन्हा, फक्त या वेळी दुसऱ्या बाजूने. हॉटेलांसाठी मी आता दुसरा प्रयोग करते, चांगला करते, पैसे त्यातूनच मिळतात. फातीचा प्रयोग मी अबोली माळणाऱ्या मुलखातच करते. एका आयोजकाने मुंबईसाठी चांगली रक्कम देऊ केली होती आणि शेवट बदला म्हटलं. मी नाही म्हणून सांगितलं. दोन दिवस जीव वर-खाली होत होता, पण नाही म्हटलं.

गेल्या वर्षी फोंड्याच्या राजीव गांधी कला मंदिरात प्रयोग होता आणि आई पहिल्यांदा प्रेक्षकांत बसून बघणार होती. त्या दिवशी मंचावर आलेल्या बाई निवृत्त शिक्षिका होत्या. फाती नाकाशी नेली आणि तशाच उभ्या राहिल्या, डोळे मिटून. मी किती वेळ थांबले ते मला माहीत नाही. नंतर चित्रणात मोजलं, अकरा सेकंद. मंचावर अकरा सेकंद फार असतात. सभागृहात कुणी खोकलंही नाही.

प्रयोग संपल्यावर बाहेर त्या बाई आईला भेटल्या. फाती त्यांच्या केसांत होती. लेकीचं कौतुक करून झालं, मग त्यांनी ती काढून आईच्या हातात दिली, बघा तरी म्हणून. आईने ती हुंगली नाही. सवयीने उलटी करून देठांकडे बघितलं, अंगठ्याने दोन-तीन गाठी चाचपल्या आणि परत दिली. त्या गेल्यावर मला म्हणाली, "ही गाठ माझी नव्हे. तुझी."

ती दोन फुलांच्या जोडीनंतर एक वेढा घेते. मी दोन घेते, लहानपणी माझ्या गाठी सुटायच्या म्हणून लागलेली सवय. मंचावर जी फाती तुटली ती सकाळी आईने गुंफली होती. भरलेल्या सभागृहात तेवढं एकाच माणसाला कळलं.

प्रयोगाच्या दिवशी आता दुकानातली फाती घेत नाही. पहाटे पाचला उठून मीच गुंफते, एकूण एक. आई बाजूला तिच्या फाती गुंफत असते. माझ्या दुसऱ्या वेढ्याकडे बघून म्हणते, "दोरा जास्त जातो गो." पण सोड म्हणत नाही, आणि सोपट भिजवताना माझ्यासाठी चार पट्ट्या जास्त टाकते.